गच्चीवरचा दुधी धरत का नाही? परागीभवन, फळधारणा आणि बी (इंदूरकरांसाठी धागा)

गच्चीवरची_माती

नमस्कार मंडळी. सुदामा नगरात तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर दुधीचे दोन वेल आहेत, प्रत्येकी ५० लिटरच्या ड्रममध्ये. वेल मांडवभर पसरलेत, पानं हिरवीगार, पांढरी फुलं भरपूर. फुलामागे बोटाएवढी दुधी दिसते, पण तीन-चार दिवसांत टोकाकडून पिवळी पडते आणि गळते. खत शेणखत आणि महिन्याला मूठभर निंबोळी पेंड.

दुसरं म्हणजे शेजारच्या गच्चीवर कारल्याचा वेल आहे. घरच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, कारल्याच्या संगतीने दुधी कडू निघेल, तेव्हा वेल हलवा. यात काही तथ्य आहे का?

परागकण

आधी गळलेली कळी हातात घेऊन नीट बघा. सालीवर डिंकासारखा थेंब, टोचल्यासारखा ठिपका किंवा एका बाजूला वाकडेपणा असेल तर ती फळमाशी. कापल्यावर आत बारीक पांढऱ्या अळ्या दिसतील. तसं असेल तर क्यू-ल्युअरचा, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा, सापळा टांगा. आंब्या-पेरूसाठी मिथाइल युजेनॉलचा मिळतो, तो या माशीला चालत नाही. दुकानदार कित्येकदा तोच हातात देतो, म्हणून नाव वाचून घ्या.

साल स्वच्छ आहे आणि पिवळेपणा फुलाच्या टोकाकडून देठाकडे सरकतोय, तर परागीभवनच झालेलं नाही. तुमच्या वर्णनावरून हेच वाटतं.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, साधारण ५ ते ८ च्या दरम्यान. पांढरा रंग आणि तो मंद वास रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी आहे. दिवसा गच्चीवर मधमाश्या कितीही फिरू देत, दुधीला त्यांचा फारसा उपयोग नाही. शहरात तिसऱ्या मजल्यावर पतंग कमी, त्यात रात्रभर पांढरे दिवे जळत असतील तर ते दिव्याभोवतीच घिरट्या घालतात. म्हणून हाताने परागीभवन करा.

कसं करायचं ते सांगतो. नर फुलाचा देठ लांब आणि सरळ, फुलामागे काहीही नाही. मादी फुलाचा देठ आखूड आणि पाकळ्यांच्या मागे लवदार छोटी दुधी. ती दुधी म्हणजे अंडाशय. ती आधीपासूनच असते, फळधारणा झाली म्हणून आलेली नसते. लोकांचा गोंधळ इथेच होतो. संध्याकाळी ६:३० च्या सुमारास त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडून काढून टाका, मधला परागकोषांचा दांडा बोटाला लावून बघा. बोटावर पिवळी भुकटी आली पाहिजे. मादी फुलाच्या मध्यभागी तीन कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी टोकं, असतात आणि प्रत्येकीला दोन पाळ्या. तिन्हींवर सगळीकडून हलकेच फिरवा. घासू नका, कुक्षी खरवडली की संपलं. एका मादीला दोन नर फुलं वापरा.

नंतर देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे कुठलं केलं ते कळतं. जमलं असेल तर दोन-तीन दिवसांत कळी खाली वाकते आणि लव विरळ होऊन साल चकाकायला लागते.

राऊच्या_शेतावरून

वेळा सगळ्यांच्या सारख्या नाहीत, म्हणून ही यादी लिहून ठेवा. संध्याकाळी उमलणारे: दुधी, दोडका, पडवळ. पहाटे ते सकाळी: गिलकी, कारलं, खिरा, टरबूज. लाल भोपळा तर अगदी पहाटे उमलतो आणि १० वाजायच्या आत मिटून मोकळा होतो. आठ वाजता चहा पिऊन निवांत गच्चीवर जाणाऱ्यांचा भोपळा त्यामुळेच धरत नाही.

औषध फवारणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मधमाश्या वाचाव्यात म्हणून फवारणी संध्याकाळी करा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. इतर पिकांना ते बरोबर. दुधी-दोडक्याला मात्र संध्याकाळी फवारलं तर नेमकं उमलत्या फुलावर पाणी पडतं, पराग भिजून फुटतो आणि पतंगही मरतात. एकटा दुधीच असेल तर रात्रीची फुलं मिटल्यावर सकाळी फवारा. साधं निंबोळी तेल असलं तरी हाच नियम.

मालवी_मिरची

माझ्या वेलाला मादी फुलंच नाहीत. सगळी नर. महिना झाला. शेंडा खुडायचा म्हणतात तो कुठला?

परागकण

सुरुवातीला नर फुलं आधी येतात, दोन-तीन आठवडे. तोवर थांबायचं. त्यानंतरही मादी दिसली नाही तर चार गोष्टी बघा.

एक, नत्र जास्त झालंय का. पान तळहाताच्या दुप्पट, गडद, लुसलुशीत असेल तर नत्राचं खत महिनाभर बंद.

दोन, उष्णता. मोठा दिवस आणि कडक ऊन यात काकडीवर्गीय वेल नराकडे झुकतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा हे होणारच. पाऊस लागला की आपोआप बदलतं.

तीन, छाटणी. दुधीला मादी फुलं मुख्य वेलापेक्षा बगलफांद्यांवर जास्त येतात. मुख्य वेल मांडवाला पोचला की शेंडा खुडा. त्याला फुटलेल्या फांद्या दहा-बारा पानांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे खुडा. तिसऱ्या पिढीच्या फांदीवर जवळजवळ दर पेऱ्याला मादी दिसते. खिऱ्यावर हे आंधळेपणाने करू नका, त्याच्या पुष्कळ जातींना मुख्य वेलावरच फळ लागतं.

चार, इथ्रेल, म्हणजे मादी फुलं वाढवणारं संजीवक. शेतकरी दोन आणि चार पानांवर रोप असताना २०० पीपीएमची (दहा लाख भागांत २०० भाग) फवारणी करतात. ३९ टक्क्यांचं औषध असेल तर लिटरला साधारण अर्धा मिली होतं. गच्चीवरच्या दोन वेलांसाठी मी याच्या भानगडीत पडायला सांगणार नाही. अर्धा मिली मोजायला इंजेक्शनची सिरिंज लागते आणि डोस जास्त झाला तर वाढ खुंटते.

केसर_आणि_कुक्षी

कडवटपणाच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही. त्याचं उत्तर फूल आतून कसं चालतं यात आहे, तेव्हा थोडं सविस्तर.

पराग कुक्षीवर पडला म्हणजे परागीभवन झालं. फलन अजून व्हायचं असतं, त्या दोन वेगळ्या घटना आहेत. कुक्षीच्या ओलाव्यावर परागकण फुगतो आणि त्यातून एक नळी निघते, परागनलिका. ती कुक्षीवृंतातून, म्हणजे कुक्षी आणि अंडाशय यांना जोडणाऱ्या दांड्यातून, वाट काढत अंडाशयातल्या एका बीजांडापर्यंत जाते. नलिकेत दोन नर युग्मके, म्हणजे नर पेशी, असतात. एक अंडपेशीशी मिळतं आणि त्यातून भ्रूण तयार होतो. दुसरं बीजांडातल्या दोन ध्रुवीय केंद्रकांशी मिळतं आणि त्यातून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाची शिदोरी. एकाच नळीतून दोन फलनं, म्हणून द्विफलन. १८९८ साली रशियातल्या नवाशिन यांनी हे लिलीवर्गीय फुलांत दाखवलं. सपुष्प वनस्पतींचं हे खास लक्षण आहे.

आता हिशेब बघा. बीजांडाचं झालं बी, अंडाशयाचं झालं फळ. भ्रूणात आई आणि बाप निम्मे-निम्मे. भ्रूणपोषात आईचे दोन वाटे, बापाचा एक. बीजावरण पूर्णपणे आईचं. आणि गर, साल, म्हणजे आपण भाजीत चिरतो ते सगळं, तेही पूर्णपणे आईचं. दुधीच्या गरात बापाचं काहीही नसतं. पराग कुणाचाही पडो, या वर्षीच्या दुधीची चव बदलणार नाही.

शिवाय कारलं आणि दुधी यांच्या प्रजातीच वेगळ्या. कारल्याचा पराग दुधीच्या कुक्षीवर पडला तरी बी धरत नाही. वेल हलवू नका.

गच्चीवरची_माती

पण दुधी कडू निघते हे खरं ना? बाजारातली पण निघते कधीकधी.

केसर_आणि_कुक्षी

निघते, आणि ती गंभीर बाब आहे. कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा. ती या कुळात निसर्गतः असतात, लागवडीच्या जातींत माणसाने निवड करत करत कमी केली. परत वाढतात ती दोन कारणांनी. पाण्याचा ताण आणि भाजणारं ऊन हे एक. दुसरं, बी संकराचं असणं. गेल्या वर्षी दुधीच्या फुलावर कडू तुंब्याचा पराग पडला असेल तर त्या वर्षीची दुधी गोडच लागली असणार, पण तिच्या बियांतून उगवलेला यंदाचा वेल कडू फळं देईल. कडू तुंबा आणि दुधी एकाच जातीचे, तंबोऱ्याला लागतो तो भोपळाही त्यातलाच. म्हणजे दोष शेजाऱ्याचा असू शकतो, पण तो एक पिढी उशिरा दिसतो. आणि शेजारी कारलं नव्हे, तुंबा.

दुधी चिरताना एक छोटा तुकडा जिभेला लावून थुंकायचा. कडू लागली तर सगळी टाकून द्यायची, शिजवून कडूपणा जात नाही. रस तर अजिबात प्यायचा नाही. उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव असे प्रकार होतात, माणसं दगावली आहेत.

फक्त_भुट्टा

गरात बाप दिसत नाही हे मान्य. पण मक्यात तर त्याच वर्षी दिसतो! पांढऱ्या मक्याशेजारी पिवळा लावला की पांढऱ्या कणसात पिवळे दाणे येतात. मग नियम कुठे गेला?

केसर_आणि_कुक्षी

छान आडवं लावलंत. नियम तिथेच आहे, उलट हाच त्याचा पुरावा. मक्यात आपण गर खात नाही. दाणा चिरडल्यावर जे दूध निघतं तो भ्रूणपोष आणि त्यात बापाचा एक वाटा असतो. पिवळा रंग पांढऱ्यावर प्रभावी, त्यामुळे पिवळा पराग पडलेला तेवढाच दाणा पिवळा होतो. कणसाचा बुरखा आणि मधला दांडा मात्र आईसारखेच राहतात.

स्वीट कॉर्न लावणाऱ्यांना याचा फटका बसतो. शेजारच्या शेतात साधा मका असेल आणि दोन्ही एकाच वेळी तुऱ्यावर आले तर स्वीट कॉर्नचे दाणे त्याच हंगामात पिठूळ होतात. पेरणीत दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवायचं.

फक्त_भुट्टा

मग गच्चीवरच्या मक्याचंही लिहूनच टाकतो, कारण भुट्ट्याचा कीस करायला बसलं की निम्मं कणीस बोडकं निघतं अशी तक्रार इथे दर पावसाळ्यात येते.

कणसातून लोंबणारा प्रत्येक केस म्हणजे एका दाण्याचा कुक्षीवृंत. एक केस, एक दाणा. केसावर पराग पडला नाही तर तो दाणा नाही. सरासरी कणसाला ४००-६०० केस असतात. केस बुडाच्या दाण्यांचे आधी बाहेर येतात, शेंड्याचे शेवटी. शेंड्याचे केस येईपर्यंत तुऱ्यातला पराग संपत आलेला असतो, म्हणून शेंडा रिकामा राहतो. मधेच विखुरलेले दाणे गायब असतील तर पराग अपुरा. एका बाजूची पूर्ण ओळच नसेल तर त्या बाजूचे केस अळीने किंवा टोळाने खाल्लेत.

मका वाऱ्यावर परागीभवन करतो, त्याला मधमाशी लागत नाही. म्हणून कठड्याला लागून एका ओळीत बारा रोपं लावण्यात अर्थ नाही, वारा सगळा पराग शेजारच्या गल्लीत नेतो. चार बाय चारचा चौकोन करा, रोपांत एक फूट अंतर. सकाळी ९ ते ११ मध्ये तुरा पराग सोडतो. तेव्हा तुरा वाकवून कागदी पाकिटात झटका आणि ती पिवळी पूड केसांवर टाका. पाच-सहा दिवस रोज, कारण केस रोज नवे येतात.

फलन झालं की नाही ते बघायची एक युक्ती आहे. केस आल्यावर आठवड्याभराने एक कणीस नमुन्याला तोडा. सुरीने बुरखा लांबीत चिरून हळूच सोलून काढा, केसांना धक्का न लावता. मग कणीस बुडाकडून धरून अलगद हलवा. ज्यांचं फलन झालंय ते केस दाण्यापासून सुटून खाली गळतात. जे चिकटून राहिले ते दाणे भरणार नाहीत. किती टक्के भरणार ते तिथल्या तिथे दिसतं.

किसासाठी केस आल्यापासून साधारण २० दिवसांनी तोडायचं. नखाने दाणा फोडला की पांढरं दूध आलं पाहिजे. पाण्यासारखं आलं तर लवकर, पिठासारखं आलं तर उशीर झाला. उशीर झालेल्याचा कीस कढईला लागतो आणि कितीही दूध ओता, रवाळच राहतो.

मालवी_मिरची

मिरची आणि टोमॅटोची फुलंही गळतात. तिथे पण ब्रश फिरवायचा का?

परागकण

नाही. टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही. टोमॅटोत परागकोषांची मिळून नळी झालेली असते आणि पराग आतल्या बाजूला सुटतो. तो कुक्षीवर पडायला फूल थरथरावं लागतं. मोठा काळा भुंगा फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतो तेव्हा हेच होतं. गच्चीवर भुंगा नसेल तर बॅटरीवरचा दात घासायचा ब्रश चालू करून फुलाच्या देठाला दोन सेकंद लावा, सकाळी १० ते १२. नुसती टिचकीही चालते.

पण गळ उष्णतेची असेल तर थरथरवून उपयोग नाही. रात्रीचं तापमान २५ च्या वर गेलं की टोमॅटोचा पराग नीट तयारच होत नाही. इंदुरात एप्रिलअखेर ते पाऊस लागेपर्यंत टोमॅटो धरत नाही याचं कारण हे. पाणी, खत, ताक, काहीही घाला. झाड जगवा, सावलीची जाळी बांधा आणि जुलैची वाट बघा.

मिरचीला एनएए, म्हणजे ते ४.५ टक्क्यांचं संजीवक मिळतं, साडेचार लिटर पाण्याला १ मिली. यापेक्षा जास्त नाही. जास्त झालं की उलटी गळ होते.

राऊच्या_शेतावरून

सीताफळाचं कोणीतरी लिहा. माळव्यात घराघरांत झाड आहे आणि फळ मात्र चार.

केसर_आणि_कुक्षी

सीताफळात दोन्ही इंद्रियं एकाच फुलात, तरी ते स्वतःचा पराग स्वतःला लावू शकत नाही. मादी भाग आधी पक्व होतो, नर नंतर. तोवर मादीची वेळ गेलेली.

फूल हातात घेऊन बघा. बाहेर तीन जाड, हिरवट, मांसल पाकळ्या. आत मध्यभागी बारीक शंकू, त्यावर दाटीने कुक्षी, आणि शंकूच्या पायथ्याशी परागकोषांचं कडं. पाकळ्यांची टोकं नुकती विलग झालीत, शंकू ओलसर चमकतोय आणि परागकोष घट्ट पांढरे आहेत, ती मादी अवस्था. पाकळ्या पूर्ण फाकल्यात, शंकू सुकलाय, परागकोष करडे होऊन सुटे पडतायत, ती नर अवस्था. निसर्गात बारीक किडे आत शिरून एका फुलातून दुसऱ्यात पराग नेतात.

हाताने करायचं तर संध्याकाळी फाकू लागलेली फुलं तोडून कागद अंथरलेल्या डब्यात ठेवा, झाकण थोडं उघडं. सकाळी परागकोष डब्यात झडलेले मिळतील. पाकळ्या काढून टाका. बारीक मऊ ब्रश त्यात बुडवून ९ च्या आत मादी अवस्थेतल्या फुलात शिरवा आणि शंकूभोवती पूर्ण गोल फिरवा. एका बाजूनेच लावलं तर फळ वाकडं येतं, कारण सीताफळ हे समूहफळ. सालीवरचा एकेक डोळा म्हणजे एकेक स्वतंत्र अंडाशय. ज्याचं फलन झालं नाही तिथे खळगा राहतो. वाकडं सीताफळ किडीमुळे नसतं बहुतेक वेळा, ब्रश किंवा किडा तिथवर पोचलेला नसतो.

एप्रिल-मेच्या कोरड्या लूमध्ये हा खटाटोप करू नका, शंकू तासाभरात वाळतो. पावसाच्या पहिल्या सरींनंतर हवेत ओल आली की करा.

परागकण

हेच तत्त्व दुधी-काकडीलाही लागू. देठाकडे फुगलेली आणि टोकाला चिंचोळी काकडी म्हणजे काही बीजांडांना पराग पोचला, काहींना नाही. वाढणारं बी संजीवकं सोडतं आणि त्यामुळे आजूबाजूचा गर फुगतो. जिथे बी नाही तिथे गर नाही. म्हणून भरपूर पराग लावा.

बोरॉन कमी असेल तरी परागनलिका नीट वाढत नाही. फुलं सुरू होताना बोरॅक्स लिटरला १ ग्रॅम, एकदाच फवारा. चमचाभर नव्हे, ग्रॅम. बोरॉन जास्त झालं की पानांच्या कडा जळतात.

गच्चीवरची_माती

बी नाही तिथे गर नाही, तर मग केळं? बिनबियांची द्राक्षं?

केसर_आणि_कुक्षी

दोघांची कारणं वेगळी आहेत. आपल्या खाण्याच्या केळ्यांत गुणसूत्रांचे तीन संच, त्यामुळे बी बनत नाही आणि अंडाशय फलनाशिवायच फुगतो. द्राक्षात फलन होतं, बी वाढायला लागतं आणि भ्रूण मधेच मरतो. मण्यात कधीकधी दाताखाली बारीक कण येतो तो हाच. मणी लहान राहतो म्हणून बागायतदार जिबरेलिक आम्ल देतात, म्हणजे जे बियांनी द्यायचं ते बाहेरून.

आणि आपण खातो तो भाग दरवेळी अंडाशयाचा गरच असतो असंही नाही. डाळिंबात आपण बियांवरचं रसाळ आवरण खातो, काजूचं बोंड हा फुगलेला देठ, खरं फळ खाली लटकणारी काजू. गव्हाचा दाणा, ज्याला सगळे बी म्हणतात, ते अख्खं फळ आहे. फळाची भिंत बीजावरणाला चिकटलेली, कोंड्यात जाते ती.

माळव्याशी जवळचं म्हणाल तर अफू. मंदसौर-नीमचकडे बोंडांना चिरे देतात ती बोंडं म्हणजे कच्चं फळ, आणि खसखस त्यातलं बी. १९६२ साली दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांच्या गटाने याच अफूची बीजांडं काढून परीक्षानळीत ठेवली, त्यांवर थेट पराग टाकला आणि उगवणारं बी मिळवलं. कुक्षी नाही, कुक्षीवृंत नाही. दोन जातींचा संकर कुक्षीपाशीच अडतो तेव्हा हा मार्ग कामाला येतो.

मालवी_मिरची

पपई! बियांपासून पाच रोपं आली, फुलं आल्यावर कळलं चार नर.

राऊच्या_शेतावरून

फुलं येईपर्यंत कळत नाही, पानावरून-मुळावरून सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. लांब लोंबत्या दांड्यावर बारीक फुलांचे झुपके म्हणजे नर. खोडाला चिकटून एकटं, तळाशी गोल फुगीर फूल म्हणजे मादी. लांबट अंडाशय आणि आत पुंकेसरही असतील तर उभयलिंगी. एका खड्ड्यात तीन रोपं लावा, फुलं दिसली की नर उपटा. मादीच मादी असतील तर दहाला एक नर ठेवावा लागतो. उभयलिंगी जातीचं बी घेतलं तर तो प्रश्न नाही, पण उन्हाळ्यात तीही झाडं नर फुलांकडे झुकतात आणि मधे काही महिने खोड रिकामं दिसतं. घाबरून तोडू नका.

परवलातही नर-मादी वेल वेगळे. तो बियांनी लावूच नका, मादी वेलाच्या कांड्या आणा आणि नऊ-दहांत एक नर.

बियाणं_जपा

बी धरण्याबद्दल माझ्याकडून, कारण दुधी धरली की पुढचा प्रश्न तोच येणार.

पाकिटावर संकरित किंवा एफ-१ लिहिलंय त्याचं बी धरू नका. पुढच्या पिढीत गुण फुटतात, एक वेल लांब, एक गोल, एक बिनकामाचा.

गावरान असेल तर संध्याकाळी उमलायच्या आधी, दुपारी ४ लाच त्याच संध्याकाळी उमलणाऱ्या (दुसऱ्या दिवशीच्या नव्हे) मादी कळ्या ओळखा: पाकळ्यांची टोकं पांढरी होऊन सैल पडलेली. त्यांना आणि दोन नर कळ्यांना कागदी टेप किंवा सुती दोरा गुंडाळा. अंधार पडायच्या सुमारास सोडवा, परागीभवन करा, मादी फूल परत बांधा. दुसऱ्या दिवशी सुटलं तरी चालेल. एवढं केलं की शेजारचा तुंबा आत येत नाही. बांधायचं नसेल तर दुसरी दुधी किमान अर्धा किलोमीटर लांब हवी, आणि शहरात ते कोण मोजणार.

कोणाशी कोण मिसळतं: दुधी फक्त दुधी-तुंब्याशी. गिलकीचा पराग दोडक्याला जाऊ शकतो, जपा. खिरा आणि खरबूज मिसळत नाहीत, खिऱ्यात १४ गुणसूत्रं, खरबुजात २४. पण आपल्याकडे उन्हाळ्यात मिळणारी ती लांब, फिकट, बारीक रेघांची ककडी खरबुजाच्याच जातीची आहे, ती खरबुजाशी सहज मिसळते.

बियांसाठी वेलाला एकच फळ ठेवा. पहिलं पिकतं फळ वेलीवर असलं की नवी फळं धरणं मंदावतं, त्यामुळे भाजी खाऊन झाल्यावर शेवटाकडे ठेवा. परागीभवनापासून ६०-७० दिवस. साल लाकडासारखी, रंग वाळल्या गवताचा, देठ सुकलेला, हलवली की बी खुळखुळतं. त्याआधी काढलेलं बी दिसायला छान असतं, उगवत नाही, कारण भ्रूण भरलेला नसतो. पाण्यात टाका, तरंगेल ते फेका.

टोमॅटो-काकडीच्या बियांवर बुळबुळीत आवरण असतं, त्यात उगवण रोखणारी द्रव्यं. रसासकट वाटीत एक-दोन दिवस आंबवा, मग धुवा. तिसऱ्या दिवसावर नेलंत तर वाटीतच मोड येतात.

सावलीत वाळवा, पत्र्यावर नाही. मे महिन्यातला गच्चीवरचा पत्रा बी शिजवतो. दुधीचं बी वाकवल्यावर कट्‌कन मोडलं तर वाळलं, लवलं तर नाही. घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड जागी. बियांतला ओलावा एक टक्का कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून वाळवण्यात कसूर नको. पण आंबा, फणस, जांभूळ यांना हे लागू नाही. ती बियाणी वाळली की मेली. कोय खाल्ल्यावर आठवड्याभरात लावा. कडुनिंबही फार थांबत नाही.

गच्चीवरची_माती

काल संध्याकाळी तीन फुलं केली, दोरे बांधले. एक शंका: रोज ७ च्या सुमारास पाऊस येतोय आणि नर फुलं भिजतात. मग?

परागकण

दुपारी ४-५ ला उमलायच्या बेतात असलेल्या नर कळ्या लांब देठासकट तोडून घरात पाण्याच्या ग्लासात ठेवा, घरातच उमलतील. मादी कळीवर कागदी कोन उलटा अडकवा. सर थांबली की कोन काढा, पाकळ्यांत पाणी असेल तर टिश्यूच्या टोकाने टिपा, कोरडं नर फूल लावा, कोन परत. पाऊस १० पर्यंत थांबलाच नाही तर पहाटे ६ च्या आत करा, तोवर कुक्षी चालते. आणि दिवा बंद ठेवा गच्चीचा.